फॉल्टी कुणाला म्हणायचं

पाण्याच्या मोटारीला वॉर्निश मारलं की ते वाळेपर्यंत गिऱ्हाइकाला काहीच काम नसतं. शेतात पाणी थांबलेलं, घरी जाऊन उपयोग नाही, मग ते आमच्या बाकावर बसतं आणि बोलत राहतं. ओझर रस्त्यावरच्या या रिवाइंडिंगच्या दुकानात मी बारा वर्षं जळालेल्या मोटारींत नव्या कॉइल भरते आहे. तांब्याच्या तारेपेक्षा माझ्याकडे किस्सेच जास्त साठलेत!

त्यातले निम्मे तर एकाच शब्दाचे आहेत. फॉल्टी. येणारा प्रत्येक जण हा शब्द घेऊनच पायरी चढतो. आमचे शब्बीरचाचा जुन्नरचे, साठी ओलांडलेले. हे काम मला त्यांनीच शिकवलं. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "जळाली ती जळाली, बंद ती बंद. चालती, पर नीट चालत न्हाई, तिलाच फॉल्टी म्हनायचं. उगं कुनालाबी म्हनायचं न्हाई."

\*

बेल्ह्याचे एक शेतकरी तणतणत आले. "फॉल्टी मोटार दिली राव तुमी. फिरती लई, पर पानी करंगळीएवढं."

चाचा त्यांच्या गाडीवर मागे बसून विहिरीवर गेले. मोटार ठणठणीत होती, फक्त उलटी फिरत होती. कुणीतरी दोन वायरींची अदलाबदल केली होती. चाचांनी त्या सरळ जोडल्या आणि विचारलं, "जोडनी कुनी केल्ती?"

शेतकऱ्यानं विहिरीच्या कडेला उभ्या असलेल्या नव्या शर्टातल्या माणसाकडे पाहिलं आणि चाचांना बाजूला घेतलं. "जावईबापूंनी. दिवाळीला आल्यात. तुमी मोटारच फॉल्टी व्हती म्हना की."

चाचा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमचीच चूक झाली, पावणं." दुकानाचं नाव खराब झालं म्हणून आमचे मालक भाऊसाहेब आठवडाभर धुसफुसत होते.

\*

घाटघरच्या एका बाईंचा मिक्सर होता. डाव्या हातानं झाकण दाबायचं, उजव्यानं बुडाला चापट मारायची, तेव्हा कुठे तो सुरू व्हायचा. त्यांच्या मुलानं तो आणून दिला आणि चाचांनी अर्ध्या तासात नीट केला.

चारच दिवसांनी बाई स्वतः एसटीनं मिक्सर घेऊन हजर. आम्हाला वाटलं, पुन्हा बिघडला.

"बिघडला न्हाई, तीच तर आडचन हाय," त्या म्हणाल्या. "आता माझ्या जावंलाबी चालू करता येतो. रोज मागून नेती. पयल्यासारखा करून द्या."

चाचांनी एक स्क्रू ढिला करून दिला. चापट कुठे मारायची तेही दाखवलं.

\*

आता चाचांचंच सांगते. मोटारीचं बेअरिंग तपासायची आमची जुनी पद्धत आहे. स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू मोटारीला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आतला आवाज सरळ कानात येतो. चाचांनी ऐकलेली मोटार कधी परत आली नव्हती. यंदा मात्र एका महिन्यात दोन आल्या, दोन्हींचं बेअरिंग घासत होतं.

मी त्यांना नारायणगावला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासलं आणि मोठ्यानं सांगितलं, "आतली नस चांगली आहे, हाडातून गेलेला आवाज तिला कळतो. पण कानावाटे आवाज तिथपर्यंत पोचत नाही."

चाचांनी विचार केला. "म्हंजे बंद न्हाई. फॉल्टी हाय."

डॉक्टर हसले. चाचा हसले नाहीत. परत येताना एसटीत म्हणाले, "भाऊसाहेबाला सांगू नको, पोरी. घरी बसून मी काय करू?"

\*

पण भाऊसाहेबांना परत आलेल्या मोटारी दिसत होत्याच. एका सोमवारी ते मला म्हणाले, "ताई, आजपासून टेस्टिंग तुमी बघा. चाचांना आता घरी आराम करू द्या." चाचा दोन हात अंतरावरच तार गुंडाळत बसले होते. त्यांना काहीच ऐकू गेलं नाही. मला फार वाईट वाटलं. आणि टेस्टिंग आपल्याकडे येणार म्हणून आत कुठेतरी बरंही वाटलं, त्याची लाज वाटली.

दुपारी एक मोटार आली. मी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला. खरखर येत होती, पण पुढच्या बेअरिंगची की मागच्या, काही केल्या कळेना. भाऊसाहेब काउंटरवरून बघत होते.

चाचा उठले. माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि त्याची मूठ कानाला न लावता दातांत घट्ट धरली. डोळे मिटून टोक आधी पुढे टेकवलं, मग मागे.

मूठ तोंडातून काढून ते म्हणाले, "मागचं. एक गोळी फुटलीया."

मी मोटार खोलली. पुढचं बेअरिंग साफ होतं. मागच्यातली एक पोलादी गोळी फुटलेली निघाली. ती मी भाऊसाहेबांच्या समोर काउंटरवर ठेवली. त्यांनी ती उचलून बोटांत फिरवून पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आलो तर चाचांच्या टेबलावर एक नवा स्क्रू ड्रायव्हर होता, लाकडी मुठीचा.

"प्लास्टिक दातांना बरं नसतं," भाऊसाहेब म्हणाले आणि शटरचं कुलूप ठेवायला आत गेले.