बर्फवाल्या काकांची चूक

एसी दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे बर्फवाले काका म्हणायचे. घरात पाऊल टाकलं की काका आधी पेलाभर पाणी आणि मूठभर बर्फ मागत. नवीन गिऱ्हाईक हमखास फसायचं. एका बाईंनी तर त्यात सरबत कालवून आणलं आणि वर साखर बरोबर पडलीय का म्हणून विचारलं. काकांनी ते मुकाट्याने पिऊन टाकलं आणि मग पुन्हा नुसता बर्फ मागितला.

हा बर्फ सेन्सरसाठी. एसीच्या आत, हवा आत ओढली जाते त्या जाळीमागे, शेंगदाण्याएवढा एक काळा मणी असतो. खोली किती तापलीय हे मशीनला तोच सांगतो. मणी काढायचा, विजेचा रोध मोजणाऱ्या मीटरला जोडायचा आणि बर्फाच्या पाण्यात बुडवायचा. बर्फाचं पाणी कुठल्याही घरात शून्य अंशाचंच. काका नेहमी बघायचे त्या मशीनांत आकडा तेहतीसच्या आसपास थांबला, की मणी खरं बोलतोय. पण एवढा खटाटोप कोण करतो? बाकीचे येतात, गॅस भरतात, नाहीतर बोर्ड बदला म्हणतात आणि पसार होतात. अशांचा काकांना मनस्वी राग. बायको मात्र म्हणायची, "जगाच्या खोल्या गार करता आणि आपला पंखा तीन वर्षं कुरकुरतोय." काका वर बघत, "बघतो" म्हणत आणि कूस बदलत.

एका दुपारी त्यांना फोन आला.

"मी तिसऱ्या मजल्यावरची बोलतेय. तीन आठवड्यांपूर्वी येऊन गेलात बघा. आज जमेल का? मुलगा ऑफिसातून यायच्या आत या."

"मशीन पुन्हा बिघडलं का, मावशी?"

"मशीन नाही हो. बहुतेक मीच बिघडलेय. तेवढं बघून सांगा."

काका हातातलं काम आटोपून थेट तिकडे गेले. पंचाहत्तरीच्या मावशी मानेवर ओला टॉवेल टाकून पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. एसी चालू होता, म्हणजे त्याचा पंखा फिरत होता. डिस्प्लेवर खोलीचं तापमान बावीस.

"मुलाला सांगितलं, उकडतंय रे. तो बोट दाखवतो, आई, बावीस आहे, बघ. तो उन्हातून येतो, दोन मिनिटं टेकतो, त्याला इथे बरंच वाटतं. मग मी सांगणंच सोडलं. परवा त्याने मला हा टॉवेल घेऊन बसलेलं पाहिलं आणि घाबरला बिचारा. उद्या साडेदहाला डोक्याच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय." मावशी हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. "मलाही आता वाटतं, त्याचंच बरोबर असेल. तुम्ही एवढे जाणकार, तुम्हीही तेच म्हणालात ना?"

काकांनी जीभ चावली. मागल्या खेपेला ऐन हंगामाचे दिवस होते, डायरीत नऊ तक्रारी होत्या. जाळी धुतली, गॅस मोजला, डिस्प्ले पाहिला आणि निघताना दारात मुलाला सांगून टाकलं, "मशीन ठणठणीत आहे. या वयात अंग जरा जास्तच तापतं." त्या दिवशी त्यांनी बर्फ मागितलाच नव्हता.

"मावशी, पेलाभर पाणी आणि बर्फ मिळेल?"

आधी त्यांनी पिशवीतला तापमापक उशाशी ठेवला आणि दहा मिनिटं काही न करता बसून राहिले. त्यांच्याही पाठीवरून घाम ओघळला. पारा एकतीसवर थांबला. मग त्यांनी एसी बंद केला, झाकण उघडलं, मणी काढून मीटरला लावला. खोलीच्या हवेत आकडा आठच्याही खाली हवा होता, तो साडेअकरा निघाला. गारवा वाढला की या मण्याचा आकडा चढतो. म्हणजे मणी मशीनला सांगत होता, खोली गार आहे, तू झोप. शेवटी काकांनी तो बर्फात बुडवला. आकडा चढत गेला, तेहतीस ओलांडले, चाळीस ओलांडले आणि एकोणपन्नासवर जाऊन थांबला.

"इकडे या, मावशी. हा बघा लबाड. तुम्ही अगदी ठीक आहात. तुम्हाला उकडत होतं, कारण खोलीत उकडतच होतं."

मावशींनी टॉवेलची घडी घातली, पुन्हा उलगडली आणि त्या त्यातच तोंड लपवून रडल्या. काकांना आपली इतकी लाज वाटली, की ते उगाच पिशवीत हात घालून खुडबुडत राहिले.

नवा मणी बसवायला पाच मिनिटंही लागली नाहीत. बाहेरचं यंत्र घरघरलं आणि जाळीतून खरा गारवा आला. काम संपलं होतं, मावशी म्हणाल्याही, "निघा आता, मी सांगेन त्याला." काका हलले नाहीत. मुलगा येईपर्यंत तिथेच थांबले.

मुलगा आला तो दारातच दचकला. "काका? पुन्हा काय झालं?"

"चूक झाली," काका म्हणाले. "आईंची नाही, माझी. त्या दिवशी मी न तपासता बोललो. सेन्सर खोटं सांगत होता, आणि मी त्याचं ऐकून तुम्हाला सांगितलं. आई पहिल्या दिवसापासून खरं बोलत होत्या." जुना मणी त्यांनी मुलाच्या तळहातावर ठेवला.

मुलाने तो मणी बोटांत फिरवून पाहिला. मग खिशातून फोन काढून त्याने दवाखान्याला सांगितलं, उद्याची वेळ रद्द करा. आईशेजारी बसला. काका हत्यारं गोळा करू लागले.

"अरे," थोड्या वेळाने मावशी हळूच म्हणाल्या, "मला आता जरा थंडी वाजतेय रे."

मुलाने रिमोट उचलला आणि डिस्प्लेकडे न बघताच एसी बंद केला.