नाकाला वजन कळतं

दौंडला स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर 'नकुशी ऑप्टिकल्स' अशी पाटी आहे. नवीन गिऱ्हाईक पाटी वाचून हटकून विचारतं, "हे नाव कुणाचं?" काउंटरमागची बाई हातातली फ्रेम खाली न ठेवता म्हणते, "माझंच."

इनामगावजवळच्या धनगराच्या घरातली ती चौथी मुलगी. बापानं मेंढरं विकून घोड नदीकाठी कांदा लावायला सुरुवात केली, त्याच साली ती जन्मली. मुलगा हवा होता, म्हणून नाव नकुशी. पुढं शाळेतल्या बाईंनी, नवऱ्यानं, अगदी बँकेतल्या साहेबांनीसुद्धा नाव बदलायचा सल्ला दिला. ती हसून म्हणायची, "लोकांच्या तोंडात बसलंय आता. बदललं तर पत्ता कसा सापडंल?"

सतराव्या वर्षी ती एका चष्म्याच्या दुकानात काचा पुसायला लागली. मग काचा घासायला शिकली. मग रेल्वेनं पुण्याला ये-जा करून डोळे तपासायचा कोर्स केला. या धंद्यात पंचवीस वर्षं गेल्यावर तिला एक गोष्ट पक्की कळली होती. चष्मा विकणं सोपं, तो माणसाच्या नाकावर टिकवणं अवघड. एका आजोबांनी नवा चष्मा देव्हाऱ्यात ठेवला होता, फुटू नये म्हणून. एका मुलीनं पाहुणे बघायला आले तेव्हा चष्मा उशीखाली लपवला आणि नवऱ्या मुलाऐवजी त्याच्या मामापुढं लाजत चहाचा कप धरला. लग्न जमलं, पण चष्म्यासकट जमलं, हे नकुशी मोठ्या अभिमानानं सांगायची.

तिच्या दुकानासमोरच रविराजचं मोबाइल आणि टीव्हीचं दुकान. पोरगा तिशीतला, बोलका, नव्या वस्तूचा भारी शौकीन. गेल्या हिवाळ्यात त्यानं परदेशातून एक यंत्र मागवलं. पोहण्याच्या चष्म्यासारखं, पण चांगलं अर्धा किलोच्या वर वजनाचं. डोळ्यांवर चढवलं की आपलीच खोली दिसते आणि त्या खोलीत नसलेल्या वस्तूही दिसतात. भिंतीवर सिनेमाएवढा पडदा, टेबलावर फिरतं इंजिन, कोपऱ्यात हत्ती. मिक्स्ड रिॲलिटी म्हणतात त्याला. किंमत साडेतीन लाख.

"ताई, लिहून ठेवा," रविराज म्हणाला. "पाच वर्षांत घराघरात हे असणार."

"घरात असंल रे," नकुशी म्हणाली. "डोक्यावर असंल का, ते बोल."

चहावरून सुरू झालेला हा वाद आठवडाभर चालला. रस्त्यावरची माणसं बाजू घ्यायला लागली. शेवटी निवृत्त हेडमास्तर साहेबराव गुरुजी म्हणाले, "रोज रोज भांडण्यापेक्षा एकदा रीतसर वादविवाद घ्या. मी अध्यक्ष होतो."

रविवारी सकाळी रविराजच्या दुकानापुढं मांडव घातला. चाळीसेक माणसं जमली. गुरुजींनी दोघांना सात-सात मिनिटं दिली.

रविराज तयारीनं आला होता. "मोबाइल आला तवा काय म्हणत होता तुम्ही? श्रीमंताचं खेळणं! उचलला तरी पैसे कटायचे. आन् आज? मेथीची जुडी घेतली तरी स्कॅनर पुढं येतोय. किंमत उतरती, वजन उतरतं, मग माणूस घेतोच. टीव्हीचं तसंच झालं, ह्याचंबी तसंच व्हणार."

टाळ्या पडल्या. नकुशी उठली. भाषण करायची सवय नव्हती. तिनं पदर खोचला आणि काउंटरवर बोलते तसंच बोलली.

"मोबाइल खिशात जातो. टीव्ही भिंतीला जातो. हे तोंडावर बसतंय, फरक तिथं हाय. माझ्याकडची फ्रेम वीस ग्रॅमची. तीबी लोक दोन तासांनी काढून ठेवत्यात, नाकावर वळ उठतोय म्हणून. नाकाला किंमत कळत न्हाई, वजन कळतं. साडेतीन लाखाचं तीस हजाराला मिळालं तरी नाक तेच ऱ्हाणार. आन् दुसरं. चष्मा घातलेल्या माणसाचे डोळे दिसत्यात. हे घालून नवरा सोफ्यावर बसला, तर बायकोनं कुणाच्या तोंडाकडं बघून भांडायचं?"

बायकांच्या बाजूनं एवढा हशा उठला, की गुरुजींना घंटी वाजवावी लागली.

मग प्रात्यक्षिक ठरलं. भांडगावचे हरिबा पुढं आले. वय सत्तर, फुलांची शेती. रविराजनं यंत्र त्यांच्या डोक्यावर नीट बसवलं. हरिबांनी मान फिरवली आणि एकदम मागं सरले, खुर्चीला अडखळले. "आरं हत्ती! दुकानात हत्ती सोडलाय ह्यानं!" मग हात पुढं करून त्यांनी हवेतच हत्तीची सोंड चाचपली. मांडवातली पोरंसोरं लोळायची बाकी होती.

"आबा, कसं वाटलं?" गुरुजींनी विचारलं.

"झ्याक! एक लंबर!"

"मग घेणार का?"

हरिबांनी यंत्र काढून मान चोळली. "एकदा बघायला झ्याक हाय गुरुजी. पर रोज हत्ती कोण बघंल?"

नकुशीला वाटलं, जिंकले. तेवढ्यात मागून ज्ञानेश उठला. कुरकुंभच्या एका औषध कंपनीत तो शिफ्टला जायचा.

"मी बोलू का? आमच्याकडं नवीन माणसाला ह्याच्यावरच शिकवत्यात. कुठला व्हॉल्व्ह आधी फिरवायचा, कुठला नंतर. चुकला तर ह्याच्यात स्फोट हुतो, पर कुणाला भाजत न्हाई. मी तीनदा उडालोय." त्यानं दोन्ही हात वर करून दाखवले. "बघा, समदी बोटं जागेवर हायेत."

नकुशी क्षणभर त्याच्या हातांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "हे मला ठाऊक नव्हतं. ज्ञानेशचं खरं हाय. कामाच्या ठिकाणी हे चालंल, चालायलाच पायजे. मी घरापुरतं बोलतीय." हरल्यासारखं तिला वाटलं नाही. उलट, वादात काहीतरी नवं हाताला लागलं याचंच बरं वाटलं.

गुरुजींनी मत मागितलं. "नकुशीताईंच्या बाजूनं कोण? हात वर करा. रविराज, तूच मोज, म्हणजे नंतर तक्रार नको."

रविराजनं डोळे बारीक करून मोजलं. "सोळा."

"सोळा?" गुरुजी म्हणाले. "मला तेवीस दिसतायत."

पुन्हा मोजलं. रविराज पुन्हा सोळावरच थांबला. मांडवात कुजबुज सुरू झाली, पोरगा लबाडी करतोय म्हणून. पण नकुशीला त्याचे बारीक केलेले डोळे दिसले होते. अशा डोळ्यांपुढं तिची पंचवीस वर्षं गेली होती.

"रविराज, शेवटच्या ओळीत कोण बसलंय?"

"हायेत की... बायका हायेत."

"तुझी आई हाय ती," नकुशी म्हणाली.

आता अख्खा मांडव हसला, आणि सगळ्यात जास्त त्याची आई. नकुशीनं त्याला हाताला धरून रस्ता ओलांडला आणि खुर्चीत बसवलं. अर्धी सभा काचेला नाक लावून बाहेर उभी. तिनं तपासणीची फ्रेम त्याच्या नाकावर ठेवली, एकेक काच बदलत गेली. दोन्ही डोळ्यांना उणे दीडच्या आसपास नंबर निघाला.

"आता बाहेर बघ."

रविराजनं बघितलं. स्वतःच्याच दुकानाची पाटी त्यानं अक्षर अन् अक्षर वाचली. मग हळूच म्हणाला, "ताई, खालचा फोन नंबर चुकीचा रंगवलाय की वो. कवापासून?"

"दोन वर्षं झाली. मला वाटलं, तू जुना नंबर मुद्दाम ठेवलायस."

चष्मा तयार झाला तसा रविराजपुढं नवाच पेच उभा राहिला. चष्म्यावर ते यंत्र बसेना. आत बसवायच्या नंबरच्या काचा वेगळ्या मागवाव्या लागणार होत्या, त्याही परदेशातून. तो कंपनीला दोन दिवस शिव्या देत होता. नकुशीनं एका शब्दानंही टोमणा मारला नाही. फक्त तिसऱ्या दिवशी त्याच्या चष्म्याचे नाकावरचे पॅड थोडे सैल करून दिले.

यंत्र काही विकलं गेलं नाही. पण हत्ती बघायला भांडगाव, कुरकुंभहून माणसं यायची थांबेनात. त्यातला कुणी ना कुणी म्हणायचा, "मला तर धूसरच दिसतंय." पहिल्यांदा रविराज यंत्राच्या काचा पुसत बसायचा. मग त्याच्या ध्यानात आलं. धूसर म्हणणाऱ्याला तो सरळ रस्त्यापलीकडं धाडायला लागला. डोळे तपासायला या म्हटलं तर जी माणसं वर्षानुवर्षं टाळतात, ती हत्तीच्या नादानं नकुशीच्या खुर्चीत येऊन बसली. संक्रांतीपर्यंत एकतीस चष्मे झाले.

त्यात हरिबांची बायको तानुबाई होती. शेवंती तोडताना कळी कुठली, फूल कुठलं हे ती बोटांनी ओळखायची. असंच असतं, असं तिला वाटत होतं. चष्मा लागल्यावर तिनं आधी स्वतःचे तळहात उलटसुलट बघितले, मग शेजारी बसलेल्या नवऱ्याला न्याहाळलं.

"आगं बया," ती नकुशीला म्हणाली, "ह्ये येवढं म्हातारं कवा झालं?"

"चष्मा काढू का आजी?" नकुशीनं विचारलं.

"ऱ्हाऊ दे," तानुबाई म्हणाली आणि दोन्ही हातांनी दांड्या कानामागं घट्ट सरकवल्या. "आता कुठं सापडलंय."