सरांचा समुद्री किडा

औरंगाबादेत समुद्र नाही, पण आमच्या कॉलेजात समुद्रातले किडे होते. कोकणच्या किनाऱ्यावरून आणून फॉर्मालिनच्या बरण्यांत ठेवलेले. अंगाला कडी लागून कडी आणि प्रत्येक कडीला दोन्ही बाजूंनी वल्ह्यासारखा चपटा पाय. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला तो पाय कापून काचपट्टीवर लावायचा असे. मी तिथं नवी डेमॉन्स्ट्रेटर होते आणि माझा शहाणपणा नुसता उतू जात होता.

परीक्षेच्या दिवशी सकाळी पाहते तर नेहमीच्या बरणीतलं फॉर्मालिन उडून गेलेलं आणि किडे कुजलेले. मुलं दाराबाहेर उभी, बाहेरगावचे परीक्षक चहा घेत बसलेले. आमचे सर मावशीच्या दहाव्यासाठी कन्नडला गेले होते. त्यांच्या कपाटात एका बरणीत वीतभर लांबीचा एकच किडा होता, सोबत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी, उर्दूत. सर निजामाच्या राज्यात शिकलेले, टिपणं उर्दूतच काढत. मी पोलिस ॲक्शननंतर, निजामाचं राज्य गेल्यावर, मराठी शाळेत गेलेली. मला त्या नुसत्या रेघोट्या. आमच्या शिपायाला उर्दू वाचता येत होतं. त्याला विचारायला मिनिटभर लागलं असतं. मी विचारलं नाही.

मधल्या कड्या कापून मी मुलांना वाटल्या. डोकं-शेपूट प्रॅक्टिकलला लागत नाही, म्हणून बादलीत टाकलं. परीक्षा छान पार पडली. परीक्षकांनी माझं कौतुक केलं आणि मला ते फार आवडलं.

दोन दिवसांनी सर आले. रिकामी बरणी त्यांनी अगदी डोळ्यांजवळ नेली. मोतीबिंदूमुळं त्यांना तसंच पाहावं लागे. मग चिठ्ठी मला वाचून दाखवली. ‘बहुधा नवा. हात लावू नये.’ ज्याला अजून कुणी नाव दिलेलं नाही असा एक किडा सापडावा, म्हणून त्यांनी आपल्या सगळ्या सुट्ट्या किनाऱ्यावरच्या चिखलात घालवल्या होत्या. हे कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही.

“डोकं कुठंय?” त्यांनी विचारलं.

“टाकलं, सर.”

ते स्टुलावर बसले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

“याची जात डोक्यावरूनच ठरते,” ते म्हणाले. “मला आता लई धूसर दिसतं. परीक्षा झाली की तुझ्याकडूनच त्याच्या डोक्यावरच्या मिशा मोजून घेणार होतो.” त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, चिठ्ठी उलटी केली. “कापताना दिसल्या असतील ना तुला? सांग, किती होत्या?”

मी त्या डोक्याकडं पाहिलंच नव्हतं.