हरकत नाही

"खुर्ची आत ने," बापू म्हणाले.

सून खुर्ची घेऊन दारात उभी होती. लाल प्लास्टिकची खुर्ची. माझ्यासाठीच आणली होती, पदरानं पुसलीही होती. तिनं सासऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि खुर्ची घेऊन आत गेली.

झालं एवढंच होतं, की बापूंनी माझं आडनाव विचारलं होतं आणि मी सांगितलं होतं.

मी पायरीवर बसले. कुणी बस म्हणालं नव्हतं. टॅब मांडीवर ठेवला.

गाव आष्ट्याजवळचं. चारी बाजूंनी ऊस. बापू फौजेतून रिटायर झालेले. माणूस तसा सभ्य. शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. "इचार पोरी, काय इचारायचं ते," म्हणाले.

आमचं सर्वेक्षण लोकांच्या मतांचं होतं. मतदान कसं करता, कुणाच्या सांगण्यावरून करता, घर कशावर चालतं, दुसऱ्या जातीच्या माणसांबद्दल काय वाटतं. प्रश्न ठरलेले. वाचताना शब्दसुद्धा बदलायचा नाही, असं ट्रेनिंगमध्ये बजावलेलं. काही प्रश्नांना एक जाड कार्ड समोरच्याच्या हातात द्यायचं. त्यावर उत्तरं छापलेली असतात, त्यातलं एक त्यानं निवडायचं. मी कार्ड पुढं केलं.

"ठेव तिथं खाली."

मी पायरीवर ठेवलं. हात मागं घेतला. मग त्यांनी उचललं.

मी प्रश्न वाचला. "दुसऱ्या जातीची व्यक्ती तुमच्या घरी आली, तुमच्या शेजारी बसली, तर तुम्हाला कसं वाटेल?"

बापूंनी चष्मा लावला. कार्डावरची उत्तरं सावकाश वाचली.

"हरकत नाही," म्हणाले. "आमी असलं काय मानत न्हाई. फौजेत सगळे एकाच लंगरात जेवायचो."

मी टॅबवर 'हरकत नाही' दाबलं. हिरवी खूण आली. पुढचा प्रश्न आला.

राग आला असं सांगितलं तर खोटं होईल. काहीच आलं नाही. उठताना मी "आभारी आहे" म्हणाले, तेही ठरलेलंच होतं. उन्हातून एसटीच्या थांब्यापर्यंत चालत आले. बाटलीतलं पाणी संपलं होतं. त्या घरात मागितलं नव्हतं.

मी बौद्धवाडीतली. वडील ग्रामपंचायतीत पाणी सोडायचे, सगळ्या गावाला. मी समाजशास्त्रात एम.ए. केलं. विश्रामबागेतल्या एका खाजगी संस्थेत हे काम लागलं, तेव्हा आईनं वाडीत पेढे वाटले. पोरगी लोकांना प्रश्न विचारायला जाते, असं ती सांगायची. आमच्या घरात तोवर प्रश्न आम्हालाच विचारले गेले होते. कुठले, कुणाचे, इकडं काय काम.

संस्थेत आमचे निखिल सर होते. टीमचं सगळं तेच बघायचे. वाईचे, शिकलेल्या घरातले. आमच्याबरोबर कागदाच्या कपात चहा घ्यायचे, सगळ्यांना नावानं हाक मारायचे. मी त्यांना बापूंच्या घरचं सांगितलं. तक्रार म्हणून नाही. उत्तर खरं नव्हतं, म्हणून.

सरांनी ऐकून घेतलं. खुर्ची थोडी फिरवली. मग म्हणाले, "मनावर घेऊ नकोस. पण खरं सांगू का, तुझ्या आडनावानं उत्तरं बिघडतात. लोक तुझ्यासमोर मोकळं बोलत नाहीत."

चार दिवसांनी मला नवं ओळखपत्र मिळालं. फोटो माझा. नाव माझं. आडनाव दुसरंच. ज्या आडनावाला कुठल्याही वाड्यात खुर्ची मिळते, तसलं.

"फक्त फील्डपुरतं," सर म्हणाले. "डेटासाठी."

मी ते गळ्यात घातलं. नको म्हणाले नाही. महिन्याचा पगार घरी लागत होता हे कारण आहे, पण तेवढंच कारण नाही. खोटं कशाला बोलू. एकदा खुर्चीवर बसून बघावं, असं मला वाटलं होतं.

बसले. महिनाभर सगळीकडं बसले. सोफ्यावर, झोपाळ्यावर, कॉटवर. चहा आला, पोहे आले. एका घरात हळदीकुंकू लावलं. आरशात बघितल्यावर मला माझाच चेहरा ओळखीचा वाटेना. वाटेना तर वाटेना. काम भराभर होत होतं. सर खूष होते.

मग सातारा जिल्ह्यातली गावं आली, कोयनानगरच्या बाजूची. घाटात मला दोनदा उलटी झाली. पहिल्याच घरातल्या म्हातारीनं माझं तोंड बघितलं आणि हाताला धरून थेट स्वयंपाकघरात नेलं. चुलीजवळ पाट दिला. मिठाचा आवळा दिला. डोक्यावरून हात फिरवला. सगळे तिला आक्का म्हणत होते. मीही म्हणाले.

आक्का लय मायेनं बोलत होती. लेक पुण्याला, जावई बरा, गुडघं दुखत्यात. त्याच मायेनं पुढं म्हणाली, "मागं एक नर्सबाई यायची बघ गावात. हाताला गुण व्हता तिच्या. पर जात कळली, आन् मग आमी तिला पडवीतच थांबवायला लागलो. ती गेली की बादलीभर पाणी मारायचं." आणि तोंडाला पदर लावून हसली. "तू आपल्यातली हायस म्हणून सांगती."

मी हसले.

हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. बापूंनी मला पायरीवर बसवलं, ते त्यांनी केलं. इथं मी केलं. दात दाखवून हसले. आवळ्याची बी तोंडातच होती.

मग मी ठरलेला प्रश्न वाचला. दुसऱ्या जातीची व्यक्ती तुमच्या घरी आली तर.

"हरकत न्हाई म्हणून लिव," आक्का म्हणाली. "तसंच लिवायचं असतंय न्हवं?"

लिहिलं.

शेवटच्या आठवड्यात पुन्हा आष्ट्याकडं आलो. एका गावातली यादीतली चार घरं खालच्या अंगाला, ओढ्याकाठच्या वस्तीत होती. वस्ती आमच्याच माणसांची. सरांचा फोन आला.

"ती चार राहू देत. दिवस कमी आहेत. तिथले सगळे सारखंच बोलतात. आधीच्या फॉर्मवरून भरून टाक."

मी बरं म्हणाले. फोन ठेवला. एसटीला अजून दीड तास होता. दुसरं काही करायला नव्हतं म्हणून वस्तीकडं चालत गेले. फार मोठं काही मनात नव्हतं.

पहिलं घर शांताबाईचं. दुसऱ्यांच्या रानात भांगलायला जाणारी, पन्नाशीची बाई. ती आणि तिची सासू दाराबाहेरच्या कट्ट्यावर बसून शेंगा फोडत होत्या. मी कुठून आले ते सांगितलं. शांताबाईनं माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं. वाचताना तिचे ओठ हलत होते. आडनावापाशी आली आणि उठून उभी राहिली. सासूला म्हणाली, "आत्ती, उठा."

म्हातारीला उठता येत नव्हतं. भिंतीला धरून, एक पाय मग दुसरा पाय, असं करत ती उठली.

"बसा की, उठू नका," मी म्हणाले.

"न्हाई, तुमी बसा बाईसाहेब," शांताबाई म्हणाली. कट्ट्यावरची टरफलं तिनं हातानं लोटली. "चा ठेवला असता. पर आमचा तुमाला चालायचा न्हाई."

मी बसले नाही. तसंच उभं राहून प्रश्न विचारायला लागले, कारण दुसरं काय करायचं ते कळेना. मतदानाच्या आदल्या दिवशी तुमच्याकडं कुणी येतं का? न्हाई. कुणी दबाव आणतं का? न्हाई. गावात तुम्हाला कसं वागवतात? चांगलं वागिवत्यात. प्रत्येक उत्तराला ती माझ्या चपलांकडं बघत होती. शेवटी म्हणाली, "तुमीच लिवा की काय बी. तुमाला म्हाईत हाय."

म्हातारीचे पाय थरथरत होते.

मी ओळखपत्र गळ्यातून काढलं. माझं आडनाव सांगितलं. वाडी सांगितली, वडिलांचं नाव सांगितलं.

मला वाटलं होतं, ती जवळ घेईल.

शांताबाईनं आधी ओळखपत्राकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग म्हणाली, "मग दुसऱ्याचं नाव घालून का फिरतीस गं?"

मी ओळखपत्र टॅबखाली सरकवलं.

"माज्या म्हातारीला उठीवलंस तू."

एवढंच बोलली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बापूंच्या पायरीवर मला काही वाटलं नव्हतं, आक्काच्या चुलीपाशी वाटलं नव्हतं. इथं कानशिलं तापली. महिनाभरानंतर अंगात काहीतरी हललं.

आम्ही दोघींनी मिळून म्हातारीला बसवलं. मी जमिनीवर बसले आणि पहिल्या प्रश्नापासून परत सुरू केलं. आता उत्तरं वेगळी आली. आदल्या दिवशी कोण येतं, काय सांगून जातं, ऐकलं नाही तर आठवडाभर कुणाच्या रानात काम मिळत नाही. तासभर ती बोलत होती. चहा झाला, तो मी प्याले. त्यानं काही मिटलं नाही. दुसऱ्या जातीचं माणूस घरी आलं तर, हा प्रश्न आला तेव्हा ती म्हणाली, "आमच्या घरी कोण येतंय? ह्ये आमाला का इचारतीस?"

कार्डावर तसलं उत्तर नव्हतं.

प्रत्येक फॉर्मच्या शेवटी शेऱ्यासाठी एक मोकळा रकाना असतो. तिथं मी शांताबाईचे शब्द जसेच्या तसे लिहिले. एसटी गेली होती. उरलेली तीन घरंही केली, माझ्या नावानं. मग रात्र होईपर्यंत आणि पुढचे दोन दिवस मागचे सगळे फॉर्म एकेक उघडत बसले. शेऱ्यात लिहिलं. 'मला पायरीवर बसवलं.' 'खोट्या आडनावानं मुलाखत घेतली.' 'नर्सबद्दल जे बोलल्या ते असं.' 'मी हसले.' आणि सगळे पाठवून दिले.

सरांनी विश्रामबागेत बोलावलं.

"हे काय लिहिलंयस?"

"झालं ते."

"तुझं मत कुणी विचारलं होतं?"

"मत नाही सर. कुठं बसले ते लिहिलंय."

"शेऱ्याचा रकाना रिपोर्टमध्ये येत नाही. तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग कशाला?"

मी ओळखपत्र टेबलावर ठेवलं. "सर, हे आडनाव ज्याचं आहे त्याला द्या. या नावानं घेतलेली माझी एकही मुलाखत धरू नका."

ते हसले. थोडे दमल्यासारखे. "भावनिक होऊ नकोस. उद्यापासून आली नाहीस तरी चालेल."

खरंच आवाज चढला नाही, कुणाचाच.

रिपोर्ट आला. गुळगुळीत कागद, वर बैलाचा फोटो. त्यात लिहिलंय, की ग्रामीण भागात जातिभेदाची भावना ओसरत चालली आहे. बहुतेकांनी हरकत नाही असं सांगितलं. त्या बहुतेकांतले कितीतरी मी दाबलेले आहेत. माझ्या बोटानं. त्यातलं एकही उत्तर वगळलेलं नाही. रिपोर्ट तयार करणाऱ्यांना मी पत्र लिहिलं, स्वतःच्या सहीनं. काय खोटं आहे आणि ते मी कसं केलं, सगळं. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं. तिसरं आज टाकलं.

मिरजेतल्या एका संस्थेत मुलाखतीला जाऊन आले. तिथल्या बाईंनी विचारलं, आडनावामुळं फील्डवर दारं बंद झाली तर काय कराल? मी सांगितलं, माझं पूर्ण नाव सांगून दार वाजवीन. दार मिटलं, तर मिटलं असं लिहीन, कुणी मिटलं आणि काय बोलून मिटलं तेही लिहीन, आणि पुढच्या घराला जाईन. त्यांनी कळवतो म्हणून सांगितलं. अजून कळवलेलं नाही.

नाही कळवलं तरी मी हेच सांगणार. पुढच्या ठिकाणी, त्याच्या पुढच्या ठिकाणी. माझं नाव गाळून कुणाचंही उत्तर मी आता लिहिणार नाही.