वगळलेली मूठ

अन्याय झाला तो माझ्या द्वारकाकाकूवर. मिठाच्या सत्याग्रहानंतरच्या दुसऱ्या श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, दिवस कासराभर वर आलेला असताना, ब्राह्मणपुरी गावात, आमच्याच घरात. हे मी मुद्दाम आधी लिहिते. पुढची हकीकत ऐकताना माणसं हात जोडतात आणि अन्याय तेवढा विसरून जातात.

त्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे आणि नथ लावून देवी मांडायची, गव्हाचे रोट करायचे, तांदळाची खीर करायची. रोटाचे गहू आणि खिरीचा तांदूळ घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठी भरून काढतात. बाईच्या नावाची मूठ नसते. ती म्हणे नवऱ्याच्या मुठीत आली. आणि एकदा मुठी निघाल्या की त्या दिवशी कोठीला पुन्हा हात लावायचा नाही. आता बघा, हा खिरीचा तांदूळ येतो कुठून? काकूच्या माहेराहून, नवापूरकडून. तो निवडतं कोण, धुऊन सावलीत वाळवतं कोण, जात्यावर भरडतं कोण? काकू. काका माघात वारले. श्रावणात काकूनं सवयीनं त्यांच्याही नावाची तांदळाची मूठ सुपात टाकली. माझी मोठी आत्या, वडिलांची थोरली बहीण, शहाद्याहून सणाला आली होती. तिनं ती मूठ सुपातून उचलली आणि बाजूला एका वाटीत टाकली.

"मरी गयेलनी मूठ नही ऱ्हास, द्वारका. आनि आते चुलीजोडे येऊ नको. ओटावर बस."

काकू उठली, ओट्यावर जाऊन बसली. रडली नाही. आत जाऊन दोन लुगड्यांचं गाठोडं मात्र बांधून आली. "सोमवारी दरसाल भाऊ गाडी लई येस," ती मला म्हणाली. "जठे मूठ नही, तठे मी कसाले ऱ्हाऊ?" नवऱ्याच्या घरात तिचं जे काही उरलं होतं ते त्या मुठीएवढं होतं, आणि तेही काढून घेतलं होतं.

मी तेव्हा धुळ्याहून आलेली. प्रभातफेऱ्या केलेल्या, पत्रकं वाटलेली, एकदोन लिहिलेलीसुद्धा. देव म्हणजे भित्र्यांची सोय, असं माझं मत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून मी आत्याला असं काही सुनावलं की सभेत टाळ्या पडल्या असत्या. आत्यानं फुंकणी खाली ठेवली. "बोलनं व्हयनं का माय? तुन्हा त्या कागद दे इकडे, चूल पेटाडाले कामले येतीन." बाया हसल्या. वडील पागोटं नीट करत राहिले. मी काकूशेजारी येऊन बसले आणि मनातल्या मनात त्या नारळातल्या देवीला म्हटलं, बाई, माझे शब्द संपले. तू बाईमाणूस असशील तर आता तुझं तू बघ. ती प्रार्थना होती असं मी म्हणणार नाही. पण माझं मीपण तिथं थकलं होतं, एवढं खरं.

आत दूध आटत होतं. दूध कुठवर आलं ते काकू वासावर ओळखायची. एकदम ती मान वर करून म्हणाली, "आक्का, पातेलं खाले उतारीसन गूळ टाका." आत्यानं ऐकलं, आणि ऐकलं म्हणूनच, हट्टानं, उकळत्या खिरीत गूळ टाकला. दूध फाटलं. चोथा वेगळा, पाणी वेगळं. सूप रिकामं, म्हशीचं दूध संपलेलं, कोठीला हात लावायचा नाही, आणि देवी नैवेद्याची वाट बघत बसलेली.

तेवढ्यात रस्त्यानं एक भरवाडीण, गुरं चारत गावोगाव फिरणारी, आली. काळा घागरा, डोक्यावर पितळी चरवी. नदीकाठी त्यांचा गुरांचा तळ पडलेला असायचा. ती थेट ओट्यापाशी थांबली. काकूचं रिकामं कपाळ तिनं पाहिलं, तरी चरवी उतरवून काकूच्याच हातात दिली. "ले बेन. नवी व्यायेल म्हैसना चीक सरना, हाई पहिलं चोखं दूध. देवीनं शे." काकू चरवी खाली टेकवणार, इतक्यात आतून आत्या ओरडली, "भुईवर ठेवू नको! हात बदलू नको! ज्याना हातमा पडनं, त्यानाच हातनी चुलीवर जास!"

बोलून गेली, आणि मग आपण काय बोललो ते तिला कळलं. पण नेम तो नेम. आत्या आयुष्यात नेम मोडणारी नव्हती. ती चुलीपासून बाजूला सरकली.

त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही. धाब्याच्या मातीच्या छतातल्या झरोक्यातून उजेडाचा एक खांब उतरला होता आणि दुधाची वाफ त्यातून सावकाश वर चढत होती. ओसरीत बाया कानबाईची गाणी म्हणत होत्या, ती पाण्याखालून आल्यासारखी ऐकू येत होती. तांदूळ कुठला घालायचा, हे कोणी विचारलं नाही. घरात एकच मूठ उरली होती. काकूनं ती वाटी उचलली, भरड तुपात परतली, दुधात सोडली. ढवळताना तिचे ओठ हलत होते. काकांशी बोलत होती की देवीशी, कोण जाणे. वाफेआड देवीचे डोळे ओले दिसले. वाफच असेल. खीर उतरवून, थोडी निवू देऊन तिनं गूळ घातला, चारोळी घातली. एका मुठीची खीर, पातळच. पण घरातल्या प्रत्येकाच्या वाटीत पडली, आणि कोणी दुसऱ्यांदा मागितली नाही, इतकी ती पुरली.

चरवी परत द्यायला मी नदीकाठी धावत गेले. तळ उठला होता. चुलीचे दगड होते, शेण होतं, बाई नव्हती. तळ उठतातच. मी त्यावर वाद घालत नाही.

सोमवारी देवीला नदीवर पोहोचवून आलो, तर काकूचा भाऊ दारात गाडी घेऊन उभा. पुढे झाली ती आत्याच. "बैल सोडा, भाऊ. आज नवी खीर व्हई, ती खाईसन जा. द्वारका कोठेच जात नही." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुन्हा कागदवर हाई बी लिख."

म्हणून लिहिते आहे. मी बोलायचं सोडलेलं नाही. पण शब्द संपतात तिथं हात मोकळे सोडून बसायला मी त्या ओट्यावर शिकले, आणि त्यासाठी त्या नारळातल्या बाईची मी ऋणी आहे. आता तुम्ही. येत्या श्रावणात तुमच्या घरीही मुठी निघतील. देवीला हात जोडण्याआधी बाहेर ओट्यावर जा. तिथं कोण बसवून ठेवलंय ते बघा. तिला हाताला धरून आत आणा, आणि पहिली मूठ तिच्या नावानं काढा.