मठपती गुरुजी अंडी सोलतात

रविवारी दुपारी जेवून सतरंजीवर आडवा होतो. बुधवार काही डोक्यातून जात नाही. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बुधवारी पोषण आहारात उकडलेलं अंडं असतं. मी लिंगायत, घरात अंडं कधी आलेलं नाही. मुख्याध्यापकाचा कार्यभार आल्यापासून तीन बुधवार मी सगळ्यांनाच केळी वाटली. नियमात केळी आहेत, पण अंडं न खाणाऱ्यांसाठी. सोडावी ही शाळा, मठाच्या शाळेत जावं, असं घोळत असतानाच पंख्याचा आवाज लांब लांब जातो.

मी शाळेच्या ओसरीवर आहे. मठपती गुरुजी मांडी घालून अंडी सोलतायत. माझ्या आधीचे मुख्याध्यापक. आषाढात गेले, त्यांच्या समाधीत मी स्वतः माती लोटली आहे. कपाळावर विभूतीचे पट्टे तसेच, ठसठशीत.

"शरणार्थी, गुरुजी," मी आमच्या लिंगायत रीतीनं नमस्कार करतो. "तुम्ही हे...?"

"बसा सर. दुसरीच्या पोरांना सोलता येत नाही. अर्धं अंडं सालीबरोबरच जातं."

परक्या घरचं पाणीही न पिणारा हा माणूस. बोटं किती हळुवार चालतायत.

"किळस नाही येत?"

"येते की. पहिल्या बुधवारी मोरीत जाऊन ओकलो होतो. कुणाला बोलू नका."

ओसरी आता गुरुजींचं देवघर आहे. समई तेवतेय, अंड्यांचं पातेलं जागच्या जागी. मुलांची रांग थेट आतपर्यंत आलीय आणि गुरुजी कुणालाच 'बाहेर थांबा' म्हणत नाहीत.

"मग पूजेला कसे बसता?"

"दोनदा आंघोळ करून. वीस मिनिटं जास्त लागतात, एवढंच."

"राजीनामा द्यावासा नाही वाटला?"

"लिहिला होता. त्याच दिवशी ह्या आरिफानं दोन घासांत अंडं संपवलं आणि मला विचारलं, उद्या पण बुधवार का नाही?"

रांगेत पुढे आरिफा आहे. दुसरीतली. मनगटं काडीसारखी.

"मी खात नाही, सर. चाखलंही नाही, चव स्वयंपाकाच्या कावेरीबाई घेतात. पण हिनं खाऊ नये असं शरणांच्या वचनांत कुठं लिहिलंय, ते मला काही सापडलं नाही."

आरिफा माझ्याकडे बघते. "सर, केळं पण चांगलं असतं," ती माझीच समजूत काढते.

मला मान वर करवत नाही. गुरुजी एक अंडं माझ्या तळहातावर ठेवतात. गरम आहे. मी अंगठा रुतवतो, साल तडकते.

जाग येते तेव्हा चार वाजलेत. कावेरीबाईंना फोन लावतो.

"बुधवारी अंडी उकडा, बाई."

"सगळ्यांना का, सर?"

"ज्यांना हवं त्यांना. आणि सोलायला मी येतो."

त्या म्हणतात, "बरं."

फोन ठेवताना अंगठ्याला काहीतरी टोचतं. नखाखाली सालीचा पांढरा, नखाएवढाही नाही असा टवका. मागे पातळ पापुद्रा, अजून ओला.