पियानोचं पाणी

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा नळाला पाणी आलेलं होतं. आमच्या शहरात पाणी यायचा दिवस म्हणजे सणच. त्यासाठी रजा काढून घरी थांबणारी माणसं आहेत इथं. मी गच्चीवर टाकीत पाइप धरून उभी होते आणि खालून ह्यांनी हाक मारली. ती हाक ऐकूनच काहीतरी बिनसलंय हे कळलं. पुण्याला शिकवायला गेलेल्या सुजाताताई सकाळी झोपेतून उठल्याच नव्हत्या... मी पाइप तसाच सोडून खाली धावले. टाकी भरून वाहिली, जिन्यावरून पाणी रस्त्यापर्यंत गेलं. एरवी बादलीभर पाणी सांडलं तरी दारात येऊन सुनावणाऱ्या आमच्या गल्लीत त्या दिवशी कुणी चकार शब्द काढला नाही. शेजारच्या शहनाजभाभी मुकाट्यानं वर जाऊन नळ बंद करून आल्या.

सुजाताताई माझी नणंद. लग्नानंतर माहेरी, सोयगावला, ‘नणंदबाई पियानो वाजवतात’ असं मी सांगितलं तेव्हा ‘म्हणजे पेटीच ना?’ असा प्रश्न आला होता, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याहून जास्त काही ठाऊक नव्हतं. मी गणिताची मास्तरीण. सूर आणि माझं कधी जमलं नाही. सासरे एका मिशन शाळेत शिपाई होते. तिथल्या हॉलमधल्या जुन्या पियानोवर शाळेच्या बाईंनी ताईंचा हात बसवला. पुढे मुंबई, मग शिष्यवृत्तीवर जर्मनी. युरोपातल्या मोठमोठ्या सभागृहांत लोक तिकीट काढून त्यांना ऐकायला येत. आम्ही इथं फोटो बघायचो: झुंबरांखाली तो भलामोठा काळा पियानो आणि त्याच्यापुढं आमच्या ताई, साडीचा पदर कमरेला घट्ट खोचून, भांडी घासायला बसल्यासारख्या. मी तसं चिडवलं की त्या म्हणायच्या, “तेवढाच जोर लागतो गं.”

सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. मी दिवसभर शाळेत, हे कारखान्यात. ताईंनी तिकडचं घर मोडलं आणि पियानोसकट इथं आल्या. तिकडच्या सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. त्या वाद्याच्या पोटात एक पातळ लाकडी फळी असते, सगळा नाद तिच्यातून येतो. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात ती तडकली की वाद्य संपलं. आणि रोजच्या सरावाला त्या तोडीचं वाद्य नसेल, तर बाहेर जाऊन वाजवणंही संपलंच. थोडक्यात, आईसाठी इथं येणं म्हणजे आपली कला चैत्र-वैशाखाच्या तोंडी देणं होतं. ताईंना हे आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. त्यांनी शहागंजच्या बाजारातून झिरपणारे मोठे माठ आणले, पितळी परातींत बसवून पियानोच्या आजूबाजूला मांडले आणि जाहीर केलं, की या खोलीत कूलर लागणार नाही, त्याचा एकदम ओला झोत लाकडाला सोसत नाही; हे माठ मात्र कधी रिकामे राहणार नाहीत.

सासूबाई अंथरुणावरून म्हणाल्या, “लाकडाला पाणी? झाड हाय व्हय ते?”

“झाडच होतं की, आई,” ताई म्हणाल्या.

ज्या घरात भाज्या धुतलेलं पाणी कुंड्यांना आणि कपड्यांचं पाणी संडासाला जातं, तिथं पहिला हंडा पियानोचा! माझ्या कपाळावरच्या आठ्या त्यांना दिसत असणार. पण हळूहळू ते अख्ख्या गल्लीचंच काम झालं. टँकर आला की बायका आपसात विचारायच्या, पियानोचं झालं का? एकदा तर आठवडाभर पाणी नव्हतं, तेव्हा शहनाजभाभी आपल्या पिंपातलं कळशीभर पाणी घेऊन आल्या आणि ताई नको नको म्हणत असताना त्यांनी ते स्वतः माठात ओतलं. पावसाळ्यात उलटं प्रकरण. माठ बाहेर जायचे आणि दमट हवा लागू नये म्हणून पियानोच्या पोटात एक छोटा बल्ब पेटता राहायचा. बाळंतिणीची बडदास्त परवडली, असं मी म्हणायचे आणि सासूबाई खुदखुदायच्या.

रोज सकाळी ताई आधी मधली एकच पट्टी दाबायच्या आणि तिचा आवाज पूर्ण विरेपर्यंत तशाच बसून राहायच्या. फळी शाबूत आहे की नाही, हे त्यांना त्यातून कळायचं. मी एकदा दारातूनच म्हटलं, “झालं की आता, पुढचं वाजवा.” त्या म्हणाल्या, “संपू दे. त्याला संपायलाही जागा लागते.” सासूबाईंचा डोळा लागलेला असला की ताई पट्ट्या इतक्या सावकाश दाबायच्या, की आवाजच होऊ नये. तास तास बोटं चालायची आणि खोलीत एकही सूर नाही. मी चहा घेऊन जायचे आणि कप हातात धरून तशीच उभी राहायचे. हे काय चाललंय ते मला कळत नव्हतं. पण आपण फार मोठ्या गोष्टीजवळ उभ्या आहोत, एवढं कळायचं.

सासूबाईंनी लेकीला सभागृहात कधी ऐकलं नव्हतं. म्हणून ताईंनी इथंच कार्यक्रम ठरवला, तोही ऐन उन्हाळ्यात. आईच्या तब्येतीचा भरवसा नव्हता. टेम्पोत ओली पोती अंथरून पियानो निघाला. सभागृहातला एसी त्यांनी बंद करायला लावला. पहिल्या रांगेत व्हीलचेअरवर सासूबाई, मागं आमची सगळी गल्ली, पदरानं वारा घेत. ताईंनी सुरुवात केली. भिंतीपलीकडून इतकी वर्षं जे तुकड्या-तुकड्यांनी ऐकलं होतं, ते सगळं एकत्र उभं राहत होतं. दोन हात दोन वेगळ्या गोष्टी सांगत होते आणि त्या एकमेकींना अडवत नव्हत्या. मग मधला संथ भाग आला. त्या इतकं हळू वाजवू लागल्या, की वारा घेणारे हात आपोआप थांबले. शेवटच्या सुरावर त्यांनी बोट ठेवलं ते ठेवलंच. तो सूर पातळ होत गेला, पार दिसेनासा झाला, तरी आम्ही त्याला ऐकत होतो... कुणी टाळी वाजवली नाही. त्यांनी हात उचलला तेव्हा माझा चेहरा भिजलेला होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. माणसाच्या दहा बोटांत एवढं मावतं, यावर आजही माझा पुरता विश्वास बसत नाही.

घरी आल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, “लागू पडलं म्हणायचं पाणी.”

पुढच्या वर्षी त्या गेल्या. ताई मात्र इथंच राहिल्या, इथूनच बाहेर जाऊन वाजवत राहिल्या. फळी कधी तडकली नाही.

ताईंना जाऊन आता दीड महिना होतोय. पुण्याच्या त्यांच्या विद्यार्थिनीला पियानो द्यायचं आम्ही ठरवलं आहे. ती पावसाळ्यानंतर नेणार आहे. परवा पाणी आलं तेव्हा मी टाकी भरली, पिंप भरलं, आणि माठांकडे बघायचं धाडस झालं नाही. फोन आला त्या दिवसापासून ते कोरडेच होते. दुपारी फाटक वाजलं. शहनाजभाभी कळशी घेऊन उभ्या होत्या.

“पियानो का पानी लाई मैं, भाभी.”

“आता कशाला हो...” मी म्हटलं.

“बजानेवाली गयी,” त्या म्हणाल्या, “लकडी को क्या मालूम?”

आम्ही दोघींनी मिळून माठ भरले. त्या गेल्यावर मी पियानोपुढं बसून झाकण उघडलं आणि ती मधली पट्टी दाबली. सूर तोच होता, रोज सकाळचा. सुरातलं काही न कळणाऱ्या मलाही तेवढं कळलं. आवाज विरत गेला. स्वयंपाकघरात दूध उतू जात होतं, तरी मी उठले नाही. तो संपेपर्यंत बसून राहिले.